आजेसासऱ्यांचं गाव कुठलं?

पत्र आलंय न्यू जर्सीहून. थोडं आटोपशीर करून देते:

"माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. एकवीस वर्षांपूर्वी इकडे आले, नवरा अमेरिकन. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजेसासरे, १९२० साली अठराव्या वर्षी इटलीहून एकटे आले, आधी न्यूआर्कला राहिले, एवढंच घरात माहीत आहे. सगळे त्यांना जिमी म्हणायचे. आडनाव रॉस, पण ते मुळात रुस्सो की रोस्सी होतं आणि एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्क बंदरातलं बेट, तिथे तेव्हा बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची) साहेबाने बदललं, असं सांगतात. गाव विचारलं की 'नेपल्स'. गेल्या वर्षी माझ्या वडिलांच्या कार्यासाठी त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. तिथल्या उपाध्यायांनी वहीतून आमची सात पिढ्यांची नामावळी वाचून दाखवली. माझी चौदा वर्षांची लेक थक्क झाली आणि परत आल्यावर आजीला म्हणाली, 'तुझ्या बाबांची वही कुठेय?' सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हापासून हा विषय निघाला की त्या दुसरंच काहीतरी बोलतात. नवरा म्हणतो, कशाला उकरतेस? मी इंटरनेटवर 'जाकोमो रोस्सी, नेपल्स' शोधून दमले. जेम्सचं इटालियन रूप जाकोमो, असं वाचलं होतं. हाती काही नाही. बाकी खूण म्हणजे सासूबाईंच्या स्वयंपाकघरातली एका संताची जुनी तसबीर. काळा झगा, हातात क्रूस. मी सून, त्यातून परकी. मी हे खणावं का? आणि खणायचं तर कुठे?
— एडिसनची सून"

प्रिय सूनबाई,

खणा. पण इटलीत नाही, आधी न्यू जर्सीत. आणि 'जाकोमो'ला तूर्त सुट्टी द्या.

तुमच्या लेकीने प्रश्न अगदी नेमका विचारला. इटलीत वही आहे, फार चांगली आहे, फक्त ती देशाची नाही, गावाची आहे. तिथे ग्रामपंचायत आणि नगरपालिका असा भेद नाही, दोन्हींना 'कोमूने' म्हणतात. आज असे सुमारे ७,९०० कोमूने आहेत आणि जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद त्या त्या कोमूनेच्या रजिस्टरात असते. सगळ्या देशाची एकच यादी उघडून नाव टाकावं, अशी सोय नाही. त्र्यंबकेश्वरलाही उपाध्यायांनी आधी काय विचारलं असेल आठवा. गाव कोणतं, आडनाव काय, मगच वही निघाली. इथेही तसंच. गाव मिळालं की दोनशे वर्षं मागे जाणं अवघड नाही. गाव नसेल तर 'रोस्सी' शोधणं म्हणजे 'पाटील, महाराष्ट्र' शोधणं.

'नेपल्स'वर विश्वास ठेवू नका. १९२० साली दक्षिण इटलीतल्या डोंगरातला पोरगा बोटीवर चढायचा तो बहुधा नेपल्सच्या बंदरात. अमेरिकेत कुणी विचारलं तर तो तेच नाव सांगणार, कारण त्याच्या खेड्याचं नाव सांगून समोरच्याला काय कळणार होतं? तुम्हीही एडिसनमध्ये पहिल्या भेटीत 'मुंबईजवळ' म्हणत असाल. शिवाय १८६१ मध्ये इटली एक होईपर्यंत सगळा दक्षिण भाग नेपल्सच्या राजाचा होता, त्यामुळे तिकडचा कुणीही स्वतःला नेपल्सचा म्हणवू शकत होता.

आता नाव. एलिस आयलंडची गोष्ट अमेरिकेतल्या निम्म्या घरांत सांगतात आणि ती बहुतेक ठिकाणी खोटी असते. प्रवाशांची यादी बोट सुटायच्या आधी, तिकडच्या बंदरात, बोट कंपनीचे कारकून करायचे. न्यूयॉर्कचा अधिकारी तीच यादी हातात धरून प्रश्न विचारायचा. नावं बदलली ती नंतर. शाळेत, कारखान्यात, मुकादमाच्या तोंडी, कधी नागरिकत्वाचा अर्ज करताना स्वतःच्या मर्जीने. म्हणजे बोटीच्या यादीत 'रॉस' नाहीच, मूळ आडनावच शोधायला हवं. 'रुस्सो' हे दक्षिणेकडचं रूप, 'रोस्सी' मध्य-उत्तरेकडचं. घरात दोन्ही बोललं जातं आणि बंदर नेपल्सचं, तर मी पैज रुस्सोवर लावीन.

आणि जिमी! शब्दकोशात जेम्स म्हणजे जाकोमो हे खरं. पण दक्षिण इटालियन वस्तीत कितीतरी 'विंचेन्झो' जिमी किंवा जेम्स झाले. हे रूपांतर अर्थाने होत नव्हतं, कानाला लागेल तसं व्हायचं. पास्क्वाले असेल तर पॅट्सी किंवा चार्ली, कालोजेरो असेल तर कार्ल. तेव्हा विंचेन्झो रुस्सो शोधा, जन्म १९०२ च्या आसपास. एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती हवी आहे: आजेसासऱ्यांच्या थोरल्या मुलाचं, म्हणजे तुमच्या मामेसासऱ्यांचं नाव काय? दक्षिणेत थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, थोरल्या मुलीला बापाच्या आईचं, हा रिवाज पक्का. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवतातच, तिथे मात्र क्रमसुद्धा ठरलेला. थोरले मामेसासरे अँथनी असतील तर आजेसासऱ्यांच्या वडिलांचं नाव बहुधा अंतोनिओ. विंचेन्झो रुस्सो दहा सापडतील, पण अंतोनिओचा विंचेन्झो रुस्सो एखादाच.

कागद कोणते बघायचे? सर्वांत आधी बोटीची यादी. एलिस आयलंडच्या नोंदी इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्या काळात प्रत्येक प्रवाशाची ओळ दोन पानांवर पसरलेली असायची. लोक डावं पान उतरवून घेतात आणि खूश होतात. उजवं पान उघडा, जन्मगाव तिथे अगदी शेवटच्या रकान्यांत आहे. डाव्या पानावर मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो. अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तिथे बाप किंवा आई असणार. अमेरिकेत तो कुणाकडे चाललाय हेही लिहिलेलं असतं आणि तो माणूस बहुतेकदा त्याच गावचा असतो.

यादी सापडली नाही तर १९४२ कडे वळा. त्या वर्षी १६ फेब्रुवारीला अमेरिकेने ३५ ते ४४ वयाच्या पुरुषांची युद्धासाठी नोंदणी केली. नागरिक असो वा परदेशी, सगळ्यांची. आजेसासरे तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे ते त्यात असायलाच हवेत. त्या कार्डावर जन्मस्थळाचा रकाना आहे. कुणी नुसतं 'इटली' लिहून मोकळं झालं, कुणी गाव लिहिलं. नशिबाचा भाग.

नागरिकत्वाचे कागद त्याहून भरवशाचे. १९०६ च्या सप्टेंबरनंतर अमेरिकेने हे अर्ज एका साच्यात आणले. जन्मतारीख, जन्मगाव, बोटीचं नाव, बायकोमुलं, सगळं त्यात येतं. एक प्रत कोर्टात राहते, एक केंद्र सरकारकडे. केंद्राकडून मागवायला महिनोन्महिने लागतात, म्हणून आधी कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात विचारा. न्यूआर्क एसेक्स कौंटीत येतं. आणि अर्ज केलेलाच नसेल तर तीही माहितीच. १९४० मध्ये नागरिक नसलेल्या, चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाची वेगळी नोंदणी झाली, तो कागद असणार.

चर्च विसरू नका. लग्न न्यूआर्कच्या इटालियन चर्चमध्ये झालं असेल तर पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला असणार. तो कुठून आला हे रजिस्टरात लिहिलेलं असू शकतं. उलट बाजूनेही हे चालतं. १९०८ पासून लग्नाची खबर मूळ गावच्या चर्चला कळवून बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लिहायची पद्धत आहे. डोंगरातल्या एखाद्या चर्चच्या वहीत 'न्यूआर्क' हा शब्द दिसला की अंगावर काटा येतो. मी दुसऱ्याच्या घराण्याच्या वहीत तो एकदा पाहिलाय, तरी आला.

आता तुमची तसबीर. पत्रातला मला सर्वांत आवडलेला तपशील तो. आपल्याकडे गाव हरवलं तर कुलदैवतावरून माग काढतात, तसं दक्षिण इटलीत गावच्या संतावरून काढता येतं. स्थलांतरित लोक संताला बरोबर घेऊन आले. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये उंच मनोरा खांद्यावर नाचवतात ना, तो मूळ इटलीतल्या नोला गावचा उत्सव. न्यूआर्कच्या सेंट लुसी चर्चमध्ये मोठा मान आहे तो सान जेरार्दो मायेल्ला यांचा. काळा झगा, हातात क्रूस, जवळ कधी कवटी, कधी लिलीची फुलं. हा संत १७५५ मध्ये वारला तो कापोसेले गावच्या मातेरदोमिनी मठात. कापोसेले आवेल्लिनो प्रांतात, नेपल्सपासून बरंच आत डोंगरात आहे. त्या गावचे आणि शेजारच्या तेओरा, कालाब्रित्तो अशा गावांचे लोक न्यूआर्कच्या त्या वस्तीत भरले होते. रुस्सो, न्यूआर्क आणि काळ्या झग्यातला संत, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

लगेच उड्या मारू नका. सान जेरार्दो गरोदर बायकांचाही संत आहे. तुमच्या सासूबाईंना बाळंतपणात कुणा मैत्रिणीने ती तसबीर दिली असेल तर आपला सगळा तर्क गडगडतो. हा पुरावा नाही, कुठे आधी शोधायचं याचा इशारा आहे.

मग वळूया सासूबाईंकडे. तुम्ही पत्रात त्यांचं गप्प होणं ओझरतं सांगितलंय, पण खरी अडचण तीच, हो ना?

त्या १९४१ च्या आसपास जन्मल्या. त्यांच्या जन्माच्या सुमारासच अमेरिका इटलीशी युद्धात उतरली आणि नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन एका रात्रीत 'शत्रूदेशाचे' ठरले. फोटो आणि बोटांचे ठसे असलेलं ओळखपत्र जवळ बाळगायचं, कॅमेरा आणि शॉर्टवेव्ह रेडिओ जमा करायचा. १९४२ च्या ऑक्टोबरात, कोलंबस दिनाला, ही बंधनं उठली. पण 'शत्रूची भाषा बोलू नका' अशी भित्तिपत्रकं ज्यांनी पाहिली, त्या घरांत पोरांशी इटालियन बोलणं थांबलं ते थांबलंच. तुमच्या आजेसासऱ्यांचं असंच झालं, असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीला लहानपणी घरातून 'हे बाहेर बोलायचं नाही' असं शिकवलं गेलं, ती ८४ व्या वर्षी नातीच्या एका प्रश्नाने मोकळी होईल, ही अपेक्षा जरा जास्त आहे.

कदाचित कारण याहूनही साधं असेल. नातीने त्र्यंबकेश्वरच्या सात पिढ्यांचं कौतुक केलं आणि आजीला स्वतःची पाटी कोरी दिसली. सुनेचं माहेर एवढं जुनं आणि आपल्याला बापाचं गावही सांगता येत नाही. लाज वाटली असेल हो. तुम्ही सातारचं कौतुक थोडे दिवस फडताळात ठेवा.

आणि त्यांना गाव विचारूच नका. रविवारी टोमॅटोचा रस्सा शिजत असेल तेव्हा (न्यू जर्सीवाल्या इटालियनांच्या भाषेत 'ग्रेव्ही') लेकीला मदतीला बसवा आणि तिला माणसं विचारू द्या. रविवारी जेवायला कोण यायचं? तुझे बाबा 'कुंपा' कुणाला म्हणायचे? 'कुंपारे' म्हणजे मुलाचा धर्मपिता, जिवलग, बहुतेकदा गाववाला. त्या माणसाचं आडनाव मिळालं तर बोटीच्या यादीत त्याला शोधा, तुमच्या माणसाचं गाव कदाचित त्याच्या ओळीत सापडेल. बाबा रागावले की काय शिवी द्यायचे, हेही विचारायला हरकत नाही. बोली गावोगाव बदलते आणि शिव्या सर्वांत शेवटी विसरल्या जातात. लेकीला सांगा, वही-पेन घेऊन समोर बसायचं नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आजीला विचारून.

तुम्ही परक्या आहात म्हणालात. मला तर तो फायदा वाटतो. पोटच्या मुलाला आई जे सांगत नाही, ते कधीकधी परक्या घरातून आलेल्या सुनेला सांगते, कारण तिला त्यातलं काही लागत नाही.

एकदा गाव कळलं की मग इटली. तिथल्या संस्कृती मंत्रालयाचं 'आन्तेनाती' नावाचं संकेतस्थळ आहे. आन्तेनाती म्हणजे पूर्वजच. राज्य अभिलेखागारांतल्या रजिस्टरांची लाखो पानं तिथे फुकट बघता येतात. दक्षिणेत, सिसिली सोडून, या नोंदी १८०९ पासून आहेत, सिसिलीत १८२० पासून. पण बहुतेक ठिकाणी नाव टाकून शोधता येत नाही. गाव, वर्ष आणि मग पानं उलटायची. वर्षाच्या रजिस्टराच्या शेवटी बहुधा सूची असते, तिथून सुरुवात करा.

इटालियन येत नाही म्हणून घाबरू नका. नोंदीचा मजकूर ठरलेला असतो, दोन-चार वाचल्या की पुढच्या आपोआप वाचता येतात. मोडीपेक्षा कितीतरी सोपं. थोड्या जागा फसव्या आहेत. वडिलांच्या नावाआधी 'दी' असेल तर वडील हयात, 'फू' असेल तर कैलासवासी. एवढ्या एका शब्दावरून पणजोबा कोणत्या वर्षांच्या दरम्यान गेले हे कळतं. '७ब्रे' दिसलं तर जुलै समजू नका, तो सप्टेंबर आहे. 'सेत्ते' म्हणजे सात, म्हणून सेत्तेंब्रेचं ते लघुरूप. ऑक्टोबर ८ब्रे, नोव्हेंबर ९ब्रे. आणि एक सुख आपल्या वंशावळीत कधी लाभत नाही: तिथे बाई लग्नानंतरही कागदावर माहेरच्याच आडनावाने राहते. आपल्या वह्यांत 'अमुकची पत्नी' म्हणून बायका गडप होतात. तिथे पणजीची आईसुद्धा स्वतःच्या नावानिशी भेटते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे वाचून धक्का बसायला नको. एखाद्या मुलाच्या जन्मनोंदीत आईबाप विवाहित नाहीत असं लिहिलेलं आढळेल. १८६६ पासून १९२९ पर्यंत इटलीचं सरकार केवळ चर्चमध्ये लागलेलं लग्न मानत नव्हतं. देवासमोर लग्न करून कोमूनेत न गेलेली जोडपी खेड्यात खूप होती. गावाच्या लेखी नवरा-बायको, कागदाच्या लेखी नाहीत. पण काही वेळा खरंच काही वेगळं निघतं. सोडून दिलेलं मूल, तिकडे मागे राहिलेली पहिली बायको. असं काही निघालं तर ते थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर जाहीर करायचं नाही. पहिल्यांदा सासूबाईंना, एकट्यांना. त्या म्हणाल्या 'इथेच राहू दे', तर राहू द्या. बाप त्यांचा आहे.

आन्तेनातीवर हवं ते वर्ष नसेल तर कोमूनेला पत्र लिहा. इटालियनमध्ये, चार ओळींचं, नाव, अंदाजे जन्मवर्ष आणि आईबापांची नावं देऊन. 'आमच्या कुटुंबाची भावपूर्ण कहाणी' जोडू नका. तिथे एकच कारकून असतो आणि त्याला आज तीन मृत्युदाखले द्यायचे असतात. मी एकदा एका कोमूनेला लिहिलं तेव्हा आठ महिने उत्तर नव्हतं, मग एके दिवशी सकाळी नोंदीची प्रत हजर. वाट बघायची.

तर्क खरा ठरून गाव आवेल्लिनोकडचंच निघालं तर आणखी एक अडचण येऊ शकते. २३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपात त्या भागातली गावंच्या गावं कोसळली, सुमारे तीन हजार माणसं गेली. कागदांचंही नुकसान झालं असेल. पण रजिस्टरं दोन प्रतींत लिहिली जायची, एक कोमूनेत, एक न्यायालयाकडे. न्यायालयाची प्रत पुढे राज्य अभिलेखागारात जाते. एका जागी 'नाही' म्हणाले तर दुसऱ्या जागी विचारायचं. नेमकं खेडंच सापडलं नाही, फक्त प्रांत कळला, तर त्याच अभिलेखागारात सैन्यभरतीच्या याद्या मागा. प्रत्येक जन्मवर्षाच्या मुलांची नावं त्यात असतात. अठराव्या वर्षी अमेरिकेला गेलेल्या पोराच्या नावापुढे 'हजर झाला नाही' असा शेराही सापडतो.

नागरिकत्वाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी तुमच्या यजमानांच्या कानात भरवेलच, म्हणून दोन वाक्यं. मार्च २०२५ मध्ये इटलीने वंशपरंपरेने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे नियम फार कडक केले. आजोबांच्या आधारावर मागायचं तर आजोबांकडे अखेरपर्यंत केवळ इटालियन नागरिकत्व असायला हवं. ते अमेरिकन झाले असतील तर त्या वाटेने काही मिळणं कठीण, आणि वकिलाला पैसे देण्याआधी त्यांचे नागरिकत्वाचे कागद बघा. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर दुसरं कुठलंही नागरिकत्व घेताच तो जातो, हे तुम्हाला माहीत आहेच.

यजमानांच्या 'कशाला उकरतेस?'ला मी उत्तर देत बसणार नाही. बोटीच्या यादीची दोन्ही पानं छापून फ्रिजवर लावा. विंचेन्झो, वय अठरा, उंची, डोळ्यांचा रंग, खिशात किती डॉलर, सगळं त्यात असतं. नंतर तेच विचारतील, पुढे काय.

आणि तसबिरीच्या मागे काय आहे ते मला कळवा. जुन्या तसबिरींच्या मागे दुकानाचा शिक्का, वर्ष, कधी दोन ओळी शाईत सापडतात. पण सासूबाई झोपल्या असताना काढून बघू नका. खुर्ची तुम्ही धरा, खिळ्यावरून तसबीर त्यांनाच उतरवू द्या.